चिंधी, तिरीप आणि सोन्याचा कण

लोअर परळच्या आमच्या चाळीत खोलीला एकच खिडकी होती आणि तिचं तोंड गिरणीच्या भिंतीकडे होतं. सकाळी आठच्या सुमाराला गिरणीच्या छपरावरून उन्हाची एक तिरीप आत यायची. एरवी स्वच्छ वाटणाऱ्या त्या खोलीत मग धुळीचे आणि कापसाच्या तंतूंचे हजारो कण तरंगताना दिसायचे. अम्मी कपाळाला हात लावायची. "आत्ता तर झाडलं," म्हणायची. थोड्या वेळानं तिरीप सरकायची आणि कण नाहीसे व्हायचे. खरं तर ते कुठेच गेलेले नसायचे. आपल्याला दिसायचे बंद व्हायचे, एवढंच.

मित्रहो, मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. बी.ए. झालो, कविता करतो. तरीही आज रसायनशास्त्रावर बोलायचं धाडस करतोय. माझी एक भाची या विषयात संशोधन करते. मध्यंतरी तिनं मला प्रयोगशाळेत नेलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला आणि म्हणाली, "मामू, बघा." काळ्याभोर पार्श्वभूमीवर रंगीत ठिपके चमकत होते. काही हिरवे, काही पिवळसर, काही लाल. मला आमच्या खोलीतली तिरीप आठवली. फरक इतकाच, की हे कण सोन्याचे होते आणि ते धूळ म्हणून तरंगत नव्हते, कामावर होते. त्यांच्या अंगावर रासायनिक क्रिया चालू होती आणि त्यांच्याकडून येणाऱ्या उजेडावरून ती क्रिया कशी चालली आहे हे कळत होतं.

हे ऐकलं आणि मला अब्बा आठवले.

अब्बा गिरणीच्या रंगखात्यात जिगरवर होते. जिगर म्हणजे दोन रुळांवरून कापड पुढेमागे फिरवत रंगाच्या पाण्यातून काढणारं यंत्र. निळीच्या जातीचे रंग पाण्यात विरघळत नाहीत. कॉस्टिक आणि हायड्रोस घालून आधी त्यांचं रूप पालटावं लागतं. मग ते विरघळतात, कापडात शिरतात आणि कापड हवेत आलं की पुन्हा मूळ रंगावर येतात. निळीचं पाणी पिवळट-हिरवं दिसतं आणि बाहेर काढलेलं कापड डोळ्यांदेखत निळं होत जातं. लहानपणी मला ही जादू वाटायची. पण हायड्रोस हवेनं लवकर संपतं. ते संपलं की पाणी 'मरतं', रंग कापडावर नीट बसत नाही, डाग पडतात. अब्बा मधूनमधून कापडाची एक चिंधी पाण्यात बुडवायचे, बाहेर काढून उजेडात धरायचे आणि तिचा रंग कसा पालटतो ते बघायचे.

एका पाळीत त्यांनी चिंधी बघून सांगितलं, पाणी मरत चाललंय. साहेब म्हणाले, लॅबोरेटरीची चिठ्ठी येऊ दे. नमुना बाटलीतून वर गेला. अर्ध्या तासानं चिठ्ठी आली, तोवर सगळा तागा चट्ट्यापट्ट्यांचा झाला होता. नमुना गेला तेव्हाची ती खबर होती. चिठ्ठी येईपर्यंत पाण्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. ठपका मात्र अब्बांच्या पाळीवर आला आणि पगारातून पैसे कापले गेले. त्या महिन्यात आमच्या घरी मटण आलं नाही, म्हणून मला ती गोष्ट पक्की आठवते.

रसायनांच्या सगळ्या कारखान्यांची ही जुनी अडचण आहे. भांड्यात आत काय चाललंय, हे कळायचं कसं? नमुना काढून तपासला तर खबर उशिरा मिळते. आणि मिळते तीही सरासरीची. बाटलीभर पाण्यात अब्जावधी कण असतात. त्यातला कोण राबतोय, कोण थकलाय, कोण नुसताच हजेरी लावून बसलाय, हे चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. गिरणीच्या मस्टरवरून खात्याचं उत्पादन कळतं, पण कुणाच्या सांच्यावर किती धागे तुटले ते कळत नाही, तसंच हे.

आता कण कामावर असतात म्हणजे काय करतात, ते सांगतो. ते उत्प्रेरकाचं काम करतात. उत्प्रेरक म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ. दोन्ही घरांना तो एका चटईवर बसवतो, बोलणं पुढे सरकवतो, चहा पितो आणि उठून पुढच्या घरी जातो. लग्न दुसऱ्यांचं होतं, तो होता तसाच राहतो. एरवी रखडलेली किंवा फार उष्णता मागणारी रासायनिक क्रिया उत्प्रेरकामुळे सोपी आणि वेगवान होते. आपल्या गिरणगावाच्या शेजारीच याचे दाखले आहेत. शिवडीला १९३२ साली वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं, तर निकेलची भुकटी लागते. युरियासाठी लागणारा अमोनिया लोखंडाच्या उत्प्रेरकावर तयार होतो. मोटारीच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड निवळतो तो प्लॅटिनम, पॅलेडियम अशा धातूंच्या बारीक कणांवर. १९९५ सालापासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना अशी उत्प्रेरकाची डबी सक्तीची झाली. सोबत शिसंविरहित पेट्रोलही आणावं लागलं, कारण शिसं त्या कणांवर बसलं की ते कामातून जातात. रसायनशास्त्रज्ञ याला सरळ 'विषबाधा' म्हणतात.

या यादीत सोनं कुठेच नव्हतं. सोनं गंजत नाही, काळं पडत नाही, सहजी कुणाशी रासायनिक क्रिया करत नाही. म्हणून तर ते आपण जपून ठेवतो. अशा आळशी धातूकडून काम कोण करून घेणार? पण १९८७ साली जपानमध्ये मासाताके हारुता यांनी दाखवून दिलं, की सोन्याचे अगदी बारीक कण योग्य ऑक्साइडवर बसवले, तर ते कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर शून्याखालच्या तापमानातही करतात. बारीक म्हणजे किती? पाच नॅनोमीटरच्या आतबाहेर. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो.

इतका लहान झाला की सोन्याचा रंगही पालटतो. ईदच्या शिरखुर्म्यावर आपण चांदीचा वर्ख लावतो. तसाच सोन्याचा वर्ख पातळ कुटून दिव्यासमोर धरला, तर पलीकडून येणारा उजेड हिरवट दिसतो. आणि सोन्याचे पंधरा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत ठेवले, तर पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडेनं १८५७ साली लंडनमध्ये असं लाल पाणी तयार केलं होतं. त्याच्या काही बाट्या तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. त्या पाण्यात उजेडाचा झोत सोडला तेव्हा झोताची वाट आत उजळून दिसली. त्यावरून त्यानं ताडलं, की हे सोनं विरघळलेलं नाही. सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे कण यात आहेत आणि ते उजेड विखुरताहेत.

उजेडाचं हे विखुरणं तुम्हाला घरीच बघता येईल. काचेचा पेला पाण्यानं भरा, त्यात दुधाचे दोन-चार थेंब टाका आणि खोलीत अंधार करून बाजूनं टॉर्च मारा. बाजूनं पाहिलं तर पाणी निळसर दिसेल, टॉर्चच्या समोरून पाहिलं तर पिवळसर-नारिंगी. निळा उजेड जास्त विखुरतो, पिवळा-तांबडा सरळ पलीकडे जातो.

या विखुरण्याशी आपल्या मुंबईचंही नातं आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीनं परत येत होते. समुद्र निळा का, तर त्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून, असं तेव्हा मानलं जायचं. रामन यांनी डेकवरून एका खास लोलकातून पाहून ते प्रतिबिंब वगळलं, तरी निळाई राहिलीच. पाण्याचे रेणू स्वतःच उजेड विखुरतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि त्या सप्टेंबरमध्ये बोट मुंबई बंदरात असताना 'नेचर' या नियतकालिकासाठी टिपण लिहिलं. पुढे १९२८ साली लागलेल्या त्यांच्या मोठ्या शोधाची वाट या निळाईतूनच गेली.

सोन्याच्या कणांत मात्र आणखी एक गंमत असते. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. उजेडाची लाट कणावर आली की ते सगळे एका तालात मागेपुढे झुलू लागतात. झोपाळाच समजा. प्रत्येक झोपाळ्याला स्वतःचा ठेका असतो आणि त्या ठेक्याला जुळणारा रंग कण जोरानं शोषतो आणि विखुरतो. आकार बदलला की ठेका बदलतो. पन्नास-साठ नॅनोमीटरची सोन्याची गोळी हिरवा उजेड विखुरते, लांबट काडी लाल, चांदीची गोळी निळा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे. बाहेरून उजेड पडला तर तो हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला तर लाल. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे असेच बारीक कण आहेत. ज्यांनी तो घडवला त्यांना नॅनोमीटर ठाऊक नव्हता.

हे कण घडवायला नेहमी जहाल रसायनंच लागतात असंही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात गवती चहाच्या पातीचा अर्क मिसळला आणि त्यातून सोन्याच्या पातळ, त्रिकोणी चकत्या तयार झाल्या. सर्दी झाली की आपण उकळतो तोच गवती चहा.

पण एकेक कण बघायचा कसा? उजेडाच्या लाटेपेक्षा लहान वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसत नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे आमच्या खोलीतली तिरीप. दिव्याचा उजेड भिंगात सरळ येऊ द्यायचा नाही, तिरका टाकायचा. मग सगळं काळं दिसतं आणि कणानं विखुरलेला उजेड तेवढा डोळ्यापर्यंत पोचतो. कणाची रेषा-कड दिसत नाही, पण त्याचा ठिपका दिसतो, रात्री लांबच्या बोटीचा दिवा दिसावा तसा. १९०३ साली जर्मनीत सीडेंटॉफ आणि झिगमाँडी यांनी असा सूक्ष्मदर्शक बनवला. झिगमाँडी यांना पुढे १९२५ सालचं नोबेल मिळालं. त्या ठिपक्याचा उजेड वर्णपटमापकात सोडला, की त्याचा नेमका रंग आकड्यात मोजता येतो.

आता मुख्य गोष्ट. झोपाळ्याचा ठेका आकारावर ठरतो, तसा कणात किती इलेक्ट्रॉन आहेत आणि त्याच्या अंगाला काय चिकटलंय यावरही ठरतो. इलेक्ट्रॉन वाढले की रंग निळ्याकडे सरकतो, कमी झाले की लालकडे. २००८ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठात कॅरोलिना नोवो, अ‍ॅलिसन फन्स्टन आणि पॉल मुल्व्हेनी यांनी याचाच उपयोग केला. त्यांनी सोन्याची एक नॅनोकाडी घेतली आणि तिच्यावरून अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचं पाणी सोडलं. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल म्हणजे आवळ्यातलं, लिंबातलं क जीवनसत्त्व. त्यानं काडीला इलेक्ट्रॉन दिले आणि ठिपक्याचा रंग निळ्याकडे सरकला. पाण्यातल्या ऑक्सिजननं ते इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि रंग परत फिरला. एकाकडून घ्यायचं आणि दुसऱ्याला द्यायचं, हा मध्यस्थाचा सगळा व्यवहार त्यांनी एका काडीवर, चालू असताना पाहिला. नमुना काढला नाही, चिठ्ठीची वाट बघितली नाही. रंग फार थोडा सरकतो. नुसत्या डोळ्याला कळणार नाही, यंत्राला कळतो.

मी भाचीला विचारलं, "मग हे सगळ्या कारखान्यांत का नाही लावत?" ती हसली. अडचणी आहेत. जो कण उत्प्रेरक म्हणून चांगला, तो फार लहान असतो, आणि लहान कण उजेड फार कमी विखुरतो. कणाचा व्यास दहा पटींनी घटला, की विखुरलेला उजेड साधारण दहा लाख पटींनी घटतो. म्हणजे जो खरा कामगार, तोच अंधारात.

यावरची युक्ती मला आवडली. लहान कामगाराच्या शेजारी एक मोठा, चमकणारा कण बसवायचा आणि शेजाऱ्याच्या रंगावरून कामगाराची खबर घ्यायची. चाळीत शेजारणीच्या चेहऱ्यावरून पलीकडच्या खोलीतलं भांडण कळतं, तसंच. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली सोन्याच्या नॅनोतबकड्यांवर काचेसारखा पातळ थर दिला, वर प्लॅटिनमचे बारीक कण ठेवले आणि त्यांच्यावर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांची ऑक्सिजनशी होणारी क्रिया तबकड्यांच्या रंगातल्या बदलावरून टिपली. तिथे पुष्कळ तबकड्यांचं एकत्र मोजमाप होतं. २०११ साली अमेरिका आणि जर्मनीतल्या संशोधकांनी सोन्याचा एकच कण पॅलेडियमच्या एका कणाशेजारी बसवला. पॅलेडियम हायड्रोजन स्पंजासारखा शोषतं. ते शोषणं शेजारच्या सोन्याच्या उजेडात दिसलं.

काळजीही घ्यावी लागते. तापमान बदललं, कणावर घाण बसली, कणाची कड झिजली, तरी रंग सरकतो. झगझगीत दिव्यानं कण स्वतःच तापू शकतो. म्हणून शेजारी काम न करणारा कण ठेवून तुलना करावी लागते. आजही हे मुख्यतः प्रयोगशाळेतलं काम आहे. पण इथे जे कळतं, ते पुढे कारखान्यात जाणारा उत्प्रेरक निवडायला उपयोगी पडतं.

काय कळतं? सगळ्यात मोलाचं हे, की कण सारखे नसतात. २००८ सालीच अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पेंग चेन यांच्या गटानं वेगळ्या वाटेनं हे दाखवलं. सोन्याच्या सहा नॅनोमीटरच्या एकेका कणावर तयार होणारा रेणू चमकेल अशी क्रिया त्यांनी निवडली आणि एकेक चमक मोजली. एकाच बाटलीतले, दिसायला सारखे कण वेगवेगळ्या वेगानं काम करत होते. इतकंच नव्हे, एकच कण कधी जलद, कधी संथ चालत होता, कारण काम करताना त्याचा पृष्ठभागच बदलत होता. सरासरीच्या आकड्यात यातलं काहीही दिसलं नसतं. हे धातू महाग आहेत. शंभरातले थोडे कण बहुतेक काम उचलत असतील, तर ते कोणते आणि का, हे कळलं की तसेच कण जास्त घडवता येतील. धातू कमी लागेल, इंधन कमी लागेल, धूर जास्त स्वच्छ होईल. मुंबईच्या सिग्नलवर टॅक्सीमागे उभं राहून श्वास घेणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्तमानपत्रांत आकडा छापून यायचा, अडीच लाख कामगार. आकडा खरा होता. आमच्या खोलीत त्यातला एक होता आणि तो रोज सकाळी सवयीनं भोंग्याच्या वेळेला उठून बसायचा. अब्बा परत जिगरवर गेले नाहीत. पुढे त्या भिंतीच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला. ऊन आता त्याच्या काचांवरून उलटं येतं, दुपारी, भलत्याच वेळी.

सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला तेव्हा भाचीनं विचारलं, "काय दिसलं, मामू?" मी तिला आजोबांची चिंधी सांगितली. तिला ती गोष्ट ठाऊक नव्हती. तिनं नीट ऐकून घेतली, मग म्हणाली, "म्हणजे नाना हेच करत होते. फक्त त्यांच्याकडे मोजणारं यंत्र नव्हतं."

यंत्र नव्हतं हे खरं. पण त्या पाळीत त्यांचं ऐकलं असतं, तर तागा वाचला असता.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)